उणे पाचवर अडलेला आकडा

घानातल्या अक्राच्या त्या प्रयोगशाळेत यायरा पंपाला टेकून उभ्याउभ्या झोपली होती, आणि कुमासीहून दुरुस्तीला आलेल्या बाफूरने तिला यंत्राचाच भाग समजून तिच्या खांद्यावर पिशवी अडकवली. निदान पुढे तो शपथेवर असंच सांगायचा.

"पंप घोरतोय," तो स्वतःशी म्हणाला.

"पंप नाही, मी," ती डोळे न उघडता म्हणाली. "अकरा दिवस धड झोप नाही... घोरू द्या."

हरमाटन वाऱ्याचे दिवस. वाळवंटाची धूळ अशी सुटलेली की शेळ्या ओरडायचं सोडून शिंकत होत्या. बाफूरच्या हातांना भेगा पडलेल्या पाहून तिने शियाच्या बियांपासून काढलेल्या लोण्याची डबी काढली. त्याने डबी न घेता हातच पुढे केले. तिने लावून दिलं... सावकाश, अंगठ्यावरच्या जुन्या आडव्या व्रणाला वळसा घालत. मग दोघंही उगाचच भिंतीकडे बघत बसले.

त्याचं काम साधं होतं. पोलादी टाकीचं सील बदलायचं आणि आतली हवा इतकी उपसायची, की आत डास शिंकला तरी आठवडा वाया जावा. दाबाचा आकडा दहाच्या उणे सातव्या घातावर उतरला, की यायराची नदीकाठची माती तपासणीसाठी शुक्रवारी किरणांखाली जाणार. ही वेळ हुकली तर थेट पुढच्या वर्षी. आणि आकडा उतरला, की बाफूर कुमासीला परत.

आकडा सांगणार ती मापकातली केसाएवढी तार. ती तापली की इलेक्ट्रॉन सुटतात, उरल्यासुरल्या हवेच्या कणांना धडकतात. धडक बसलेले कण भारित होऊन बारीक कांडीवर जाऊन पडतात. त्यांचा प्रवाह जितका क्षीण, तितकी आत हवा कमी.

प्रवाह क्षीण होईना. तीन दिवस आकडा उणे पाचवर. बाफूरने टाकी उघडली, पुसली, पुन्हा उपसली – पुन्हा उणे पाच.

"तार तापली की शेजारच्या धातूतूनही वायू सुटतो," तो म्हणाला. "कधीकधी बघणाऱ्यामुळेच बिघडतं."

"मग माझ्याकडे बघू नका."

मंगळवारी तिने हातमोजे चढवून स्वतःच झाकण काढलं. आतल्या कडेला तुपकट ठसा होता. अंगठ्याचा, मधोमध आडवा व्रण.

"पहिल्यांदा लोणी लावलेलं विसरलो," बाफूर म्हणाला. "मोजे घालायचे राहिले."

"आणि दुसऱ्यांदा? पुसून झाल्यावर?"

"दुसऱ्यांदा... आठवत होतं."

ती ओरडली नाही; ओरडायला अंगात त्राण हवं. माझं वर्ष गेलं असतं, एवढंच म्हणाली आणि स्पिरिटची बाटली त्याच्यासमोर आदळली. त्याने टाकीचा कानाकोपरा तीनदा धुतला. मग दोन दिवस पंपापाशी बसून राहिला, गार वाचे – तिथला चवळीभात – खात. ती त्याच्याशी बोलली नाही, पण त्या भातावर अंडं मात्र रोज असायचं.

शुक्रवारी सकाळी आकडा उणे सातवर आला. माती किरणांखाली गेली. बाफूर पिशवी घेऊन दाराशी घुटमळला.

"कुमासीला जा," यायरा म्हणाली. आज पहिल्यांदाच अरे-तुरे. "तुझ्या काकांना घे, दारूची बाटली घे, आणि रीतसर मागणी घालायला येऊन माझ्या आईचं दार ठोठाव."

त्याने पिशवी खांद्याला लावली.

"मोजे नको घालूस. तिथे ठसे उमटलेले चालतात," ती म्हणाली, आणि पंपाला टेकून झोपून गेली.