वामन सरांचे दात

"सायली, सरांचे दात गेले," ललित फोनवर म्हणाला.

"पडले?"

"पडायचे ते कधीच पडले. कवळी गेली. चोरीला."

सर म्हणजे तिचे वडील. त्यांचे थोडेच दिवस उरलेत, असं डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा सायलीला रजा मिळाली नव्हती. कवळी चोरीला गेली म्हटल्यावर एका दिवसाची मिळाली. साहेबाला असं कारण आधी कुणी दिलं नव्हतं. ती इंदूरहून पहिल्या बसनं निघाली.

गावी, लोधीपुऱ्यातल्या घराच्या पायरीवर सरुबाई बसली होती. पन्नाशीत सरांकडे अक्षरं शिकलेली, तेव्हापासून घरात न विचारता शिरणारी. आज मात्र बाहेर.

"आत का नाही येत?"

"चोरटी कशी येईल आत? नाव साफ होऊ दे. पण मला सांग माय, माझे दात शाबूत आहेत. सरांचे नेऊन काय करू?"

आत सर डोळे मिटून खाटेवर पडले होते. उशाशी ललित आणि तृप्ती, दोघं त्यांचे जुने विद्यार्थी.

"पहिल्यापासून सांगा," सायली म्हणाली.

"सोमवारी चष्मा गायब. तेव्हा मी, गोटू आणि सरुबाई होतो," ललित म्हणाला. "गुरुवारी कानातलं मशीन. तेव्हा तृप्ती, स्वप्निल आणि सरुबाई. दोन्ही दिवस कोण? एकटी सरुबाई. केस क्लोज."

"आणि दात?"

"शनिवारी. मी, तृप्ती, गोटूचा भाऊ लोटू."

"म्हणजे सरुबाई नव्हती."

"मागच्या दारानं आली असेल."

"मागं भिंत आहे, ललित."

ललितनं भिंतीकडे जरा रागानं पाहिलं.

"सरांजवळ बसायच्या पाळ्या कुणी लावल्या?"

"सरांनीच," तृप्ती म्हणाली. "आम्ही सात विद्यार्थी, रोज तिघं. कुठलेही दोन दिवस घे, एकच माणूस दोन्हींत. म्हणाले, प्रत्येकाची प्रत्येकाशी गाठ पडेल, आणि दुसऱ्या दिवशी माणसं बदलली की भांडण संपेल."

"वस्तू गेल्यावर काय केलंत?"

"पूर्ण घर उलटं केलं. एरवी पाळी सरली की पळतो, त्या दिवशी थांबावं लागलं. चहा झाला, शनिवारी ललितनं जोक सांगितले. सर खूप हसले."

"मशीन नसताना?"

"मशीन असताना ललितच्या जोकवर कोण हसतं?"

सायलीनं तिन्ही दिवसांची नावं बोटांवर मोजली.

"दोन दिवसांत एक माणूस सारखा निघणारच," ती म्हणाली. "पाळ्याच तशा आहेत. सरुबाई नसती तर दुसरं कुणी अडकलं असतं. तो पुरावा नाही. तिन्ही दिवस इथं कोण होतं, ते बघा. सातांतलं कुणीच नाही."

"मग बाहेरचा?"

"आतलाच. ज्याच्यासाठी पाळ्या लावल्या, तो. तुम्ही घर उलटं केलंत, बाबांना नाही केलंत."

तिनं हलकेच वडिलांचं डोकं उचललं आणि उशीखाली हात घातला. चष्मा. मशीन. रुमालात गुंडाळलेली कवळी.

मशीन कानात बसल्यावर सर बोळक्या तोंडानं म्हणाले, "हरवलं की थांबतात. सापडलं की जातात."

"सरुबाई पायरीवर बसलीय, बाबा. चोर म्हणून."

सरांनी दाराकडे मान वळवली. "मला ऐकूच आलं नाही गं."

कसं येणार? मशीन तर उशीखाली होतं.

"आणि माझी पाळी कुठली?" सायलीनं विचारलं.

"तुला कुठंच बसवता आलं नाही."

सरुबाई आत आली. कवळी धुऊन तिनं सरांच्या तोंडात बसवली.

"चुकलं, मावशी," ललित म्हणाला.

"भिंतीची पण माफी माग," पायरीवरून सगळं ऐकलेली सरुबाई म्हणाली.

संध्याकाळ झाली. सायलीनं बॅग उचलली. सरांनी चष्मा काढून उशाशी ठेवला.

"थांब," सरुबाई म्हणाली. "चष्मा गेला."

चष्म्याची काडी तिच्या पदराखालून बाहेर आली होती. सगळ्यांना दिसत होती. सरांनाही, चष्मा नसताना.

"हिची बॅग बघा. मला हिच्यावरच शक आहे."

सायली खाली बसली. बॅग उघडून एकेक कपडा काढू लागली, घडी मोडून, झटकून, पुन्हा घडी घालून. ललितनं चहा टाकला.

शेवटची बस गेली तेव्हा अर्धी बॅगही बघून झाली नव्हती.