कणसाच्या पानांची गादी

"चांदीचा चमचा म्हातारीच्याच गादीत सापडला. आता आणखी काय शोधायचंय?" एसाहेल क्रेन गुरकावला.

कॉन्स्टेबल ओबेद फिस्कलाही ते पटलं. गादीची शिवण सकाळी त्यानेच चाकूने कापली होती.

पेशन्स आजी निराधार. मार्चच्या गावसभेत तिच्यावर बोली लागली. गावाकडून सर्वांत कमी पैसे घेऊन तिला वर्षभर पोसायला क्रेन तयार झाला. आता चोरी शाबित झाली, तर तिची रवानगी जिल्ह्याच्या तुरुंगात.

गरिबांचे कारभारी प्रॅट यांनी लेम्युएल थॅक्स्टरला बोलावलं होतं. धंद्याने जमीन मोजणारा, पण व्हर्मॉन्टच्या त्या डोंगरात कसलंही कोडं त्याच्याकडेच यायचं.

"चमचा गेल्याचं कुणाच्या लक्षात आलं?" थॅक्स्टरने विचारलं.

"बायकोच्या. गादीत बघा, असंही तीच म्हणाली."

"आजी झोपतात कुठे?"

"माळ्यावर."

"तिथे शेगडी?"

"पोसायची बोली लावलीय साहेब, शेकायची नाही!" क्रेन हसला.

त्याची बायको सबमिट दारातच उभी होती.

"गाद्या कोण भरतं, बाई?"

"मीच. मका सोलला की सगळ्या गाद्यांत नवी पानं भरते आणि शिवते. गेल्या सोमवारीच भरल्या. आजींना ताटातलं दिसत नाही, त्या सुई काय ओवणार?"

ओबेदने उसवलेल्या गादीत हात घातला. पानं कुरकुरीत होती. त्याच्या घरची गादी त्याची बायको हॅना गेल्यापासून कुणी भरली नव्हती.

"आजी, तुम्ही काही सांगता?" थॅक्स्टरने बाकावर बसलेल्या म्हातारीला विचारलं.

"काय सांगू, बाबा? मला कुठे ठेवायचं ते तुम्हीच ठरवता."

थॅक्स्टर ओबेदकडे वळला. "कापण्याआधी शिवण कशी होती?"

"अखंड. एकच दोरा."

"आणि चमचा?"

"पार मधोमध. कोपरापर्यंत हात घालावा लागला."

"मग तो शिवण्याआधीच आत गेला. शिवण्याआधी गादी एकाच माणसाच्या हातात होती. कुठे शोधायचं, तेही तिनेच सांगितलं."

ओबेद चमकला. "बाई, एका म्हातारीचा घास तुम्हाला जड झाला?"

"तुरुंगात शेगडी आहे," सबमिट म्हणाली. "माळ्यावर त्या जानेवारी काढायच्या नाहीत. प्रॅटसाहेब, तुमच्याकडे मी दोनदा आले होते."

"बोली मार्चपर्यंत मोडता येत नाही, हे तेव्हाच सांगितलं होतं." प्रॅटनी घसा साफ केला. "आजी निर्दोष. त्या इथेच राहतील. खोटा आळ घेतला म्हणून बाईंना मात्र न्यावं लागेल."

 थॅक्स्टरने कोडं सोडवलं होतं आणि म्हातारीचं शेगडीकडे जाणारं दार लावून टाकलं होतं.

पेशन्स आजी बाकाला धरून उठली.

"चमचा मी चोरला."

"आजी, तुम्हाला सुई दिसत नाही..."

"तू मला शिकवू नकोस. ओबेदा, लिही. मी चोरला, मीच शिवला. खाली अंगठा देते."

ओबेदने थॅक्स्टरकडे पाहिलं. थॅक्स्टरने टोपी उचलली आणि तो अंगणात गेला.

ओबेदने दौत पुढे ओढली.