एक्केचाळिसावा अहवाल

त्या तुरुंगात माझ्याइतका धीट शिपाई झाला नाही. म्हणजे पालीचं सोडा. अंधाराचंही सोडा. आणि साहेबांची गाडी फाटकात शिरली की माझे पाय लटपटायचे, तेही सोडा. हसा, हसा! दिवे येईपर्यंत दुसरं करणार काय तुम्ही? पण पोरांनो, ही गोष्ट माझी नाही, आमच्या डॉक्टरीणबाईंची आहे आणि अक्षर न् अक्षर खरी आहे. वकिलीणबाई, मध्ये बोलायचं नाही. ही आमची धाकटी नात; न्यायाधीशाला झोप लागेल, पण हिची उलटतपासणी संपायची नाही.

डॉक्टरीणबाई कैद्यांची मनं तपासायच्या. चोरी झालेली खोली बघून चोराचं वय, धंदा, डावरा की उजवा, सगळं सांगायच्या. पोलीस लांबलांबून त्यांच्याकडे यायचे. त्यांच्या टेबलावरची बिस्किटं रोज कोण खातं, हे मात्र त्यांना नऊ वर्षांत ओळखता आलं नाही.

त्या दिवशी काम साधंच होतं. एका सुतार कैद्याचा अहवाल सकाळी दहाच्या आत समितीकडे पोचवायचा. भांडणात त्याचा हातोडा चालला होता, समोरचा मेला होता. बारा वर्षं भोगून झाली होती. आता सोडायचा की आणखी पाच वर्षं ठेवायचा, ते त्या कागदावर. त्याची आई दोन दिवस फाटकाबाहेर गाठोडं घेऊन बसलेली.

सतरा तारीख, मंगळवार, रात्रीचे सव्वाअकरा. महिन्यातला एक्केचाळिसावा अहवाल. बाई इतक्या थकल्या होत्या की चष्मा कपाळावर आणि हात चष्मा शोधतोय. अशा वेळी त्यांची एक सवय होती. शेवटची ओळ आधी लिहायची, मग वरचे रकाने भरत बसायचं. त्या रात्रीही लिहिली. ‘धोका कायम. सोडू नये.’

कारण शेजारी सुताराच्या बापाचा जुना कागद होता. बापही त्याच तुरुंगात होता, तिथेच मेला. तेव्हाचे डॉक्टर डोकं मोजून माणूस ओळखायचे. त्यासाठी पितळेचा मोठा चिमटा होता, काचेच्या कपाटात. किल्ली माझ्या कमरेला. दर शनिवारी मीच तो पुसायचो. बापाच्या कागदावर कपाळ, कान, जबडा यांचे आकडे, आणि खाली शेरा. ‘रक्तातच आहे.’

मी म्हटलं, “मॅडम, सुताराशी बोललात?”

“दहा मिनिटं. बापाचा कागद आहे ना, पुरे तेवढा.”

“माझा बाप पैलवान होता, मॅडम. आणि मला बघा.”

हसल्यासुद्धा नाहीत. “जा हो, झोपा तुम्ही.”

मी बाहेर बाकावर आडवा झालो. पुढचं त्यांनीच मला सांगितलेलं.

त्यांनी टेबलावर डोकं टेकलं. डोळा लागला म्हणा, नाही म्हणा.

कपाट करकरलं.

मग... दोन्ही कानशिलांना काहीतरी लागलं. गार. एकदम दोन्हीकडून.

हलता येईना.

टोकं कपाळावर आली. मग कानांशी. मग जबड्याखाली... सावकाश. रोजचं काम असल्यासारखं.

मागे कोणीतरी सुस्कारा सोडला. दमलेला. त्यांच्याहूनही दमलेला.

“कोण...?”

...

कोणी नाही.

पहाटे पाचला त्यांनी मला हाक मारली. चेहरा पांढराफटक. अहवालाचे तुकडे टोपलीत. “सुताराला आणा,” म्हणाल्या. तीन तास त्याच्यासमोर बसल्या, त्याला बोलू दिलं. बापाला त्याने उभ्या आयुष्यात दोनदा पाहिलं होतं, हे तेव्हा कळलं. दहाला पाच कमी असताना नवा अहवाल गेला. आठवड्याने सुतार आईचं गाठोडं डोक्यावर घेऊन फाटकातून बाहेर पडला.

आता ऐका. कपाटाला कुलूप होतं. चिमटा जागच्या जागी. पण बापाच्या त्या जुन्या कागदावर, त्याच्या आकड्यांना लागून, आकड्यांची दुसरी रांग उभी होती. बाईंनी मला चिमटा काढायला लावला, माझ्यादेखत स्वतःचं डोकं मोजलं. कपाळ. कान. जबडा. केसभर फरक नाही.

आणि रांगेखाली... तोच शेरा. ‘रक्तातच आहे.’

एक पोर उशी छातीशी धरून बसलेलं. धाकटी मात्र माझ्याकडे रोखून बघत होती.

“आजोबा, बिस्किटं खाऊन झाल्यावर झोपलेल्या माणसाचं डोकं मोजायला कितीसा वेळ लागतो हो?”