केबलवरची पावलं

जमिनीखालच्या काचेच्या तंतूंमधून धावणारा उजेड कुठे अडखळतो, हे ओळखायला तिने संगणकाला शिकवलं होतं. पाणी शिरलं, केबल वाकली, वरून ट्रक गेला, की प्रत्येकाची थरथर वेगळी. असंख्य नमुने दाखवून तिने ते त्याच्या गळी उतरवलं होतं. आता बिघाडाच्या आधीच पडद्यावर ठिपका उमटे आणि शेजारी कारण. नाडीपरीक्षा करतो म्हणून कंट्रोल रूममध्ये सगळे त्याला वैद्यबुवा म्हणत.

त्या दुपारी वैद्यबुवांनी जुन्या वस्तीतल्या एका गल्लीवर ठिपका ठेवला. कारण लिहिलं होतं, 'माणूस उभा आहे.'

तिने 'माणूस चालतोय' शिकवलं होतं. उभ्या माणसाची कसली आलीय थरथर? पण सिग्नल खरोखरच खाली चालला होता. टेक्निशियनला घेऊन ती निघाली. गल्ली ओळखीची होती, पण गाडीत ती त्याबद्दल काही बोलली नाही.

गल्लीतल्या केबलच्या चेंबरमध्ये कोरडं ठाक होतं. टेक्निशियनने जोड तपासले. "मॅडम, सगळं ठणठणीत. तुमच्या बुवांना भास झाला."

तेवढ्यात समोरचं दार उघडलं. काठी टेकत तिचे वडील बाहेर आले. उसवलेला स्वेटर, वाढलेले दाढीचे खुंट, शर्टावर सांडल्याचे डाग. तिला पाहून त्यांचा चेहरा उजळला.

"आलीस, बाळा?"

टेक्निशियनने विचारलं, "ओळखीचे का?"

"नाही," ती म्हणाली. "चुकून बोलले असतील."

वडिलांनी काठी सावरली. मग टेक्निशियनला म्हणाले, "माफ करा हं. हल्ली नीट दिसत नाही मला. आमच्या मुलीसारख्या वाटल्या या." आणि त्यांनी दार हलकेच लावून घेतलं.

परतताना टेक्निशियन काहीबाही बोलत होता. तिच्या कानांच्या पाळ्या तापल्या होत्या. मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. खिडकीच्या काचेत स्वतःचा चेहरा दिसू नये म्हणून ती मांडीवरच्या हातांकडे बघत राहिली.

कंट्रोल रूममध्ये ती एकटीच होती. ठिपका आता गल्लीत नव्हता. पुढच्या चौकात होता. 'माणूस चालतोय.'

असेल कुणी. पण रस्ता वळला तरी ठिपका वळला नाही. केबल बंद गोदामाच्या भिंतीखालून जात होती, तोही तिथूनच गेला. तिने थरथर मोठी करून पाहिली. एक पाऊल जड, एक हलकं. मधे काठी.

तिने घरी फोन लावला. वडिलांनी लगेच उचलला.

"बाबा, कुठे आहात?"

"घरीच. खुर्चीत." त्यांना धाप लागली होती.

"मघाशी मी..."

"असू दे गं. कामात होतीस. पाय मात्र फार भरून आलेत. बसल्या जागी कसे, कळत नाही."

ठिपका कंट्रोल रूमच्या इमारतीत शिरला. पॅसेजमधून पुढे सरकला.

थांबला.

'माणूस उभा आहे.'

"बाबा, मी येते. आत्ता निघते."

"नको," ते समजुतीच्या सुरात म्हणाले. "पोचलोच मी. दार तेवढं उघड. कुणी विचारलं तर चुकून आलेत म्हण."

ती उठू शकली नाही.

फोनमधली धाप आणि दाराबाहेरची धाप एकदमच थांबली.