आल्बारासीन नावाची सवत

"अहो, टेकू नका! रंग ओला हाय!"

नूतन ओरडेपर्यंत तो टेकलासुद्धा होता. आषाढातली सर अंगावर आली म्हणून पेणच्या स्टँडकडून धावत सुटलेला हा उंच मुलगा समोर दिसेल त्या कारखान्यात शिरला आणि दाराजवळच्या फळीला पाठ लावून उभा राहिला. त्या फळीवर नुकतेच सोनेरी मुकुट रंगवलेले गणपती वाळत बसले होते.

"पाठीवर काय उमटलं?" त्याने मान वळवून विचारलं.

"दोन मुकुट."

"म्हणजे आज राजा झालो. नाहीतर घरी आई मला भिजलेलं मांजर म्हणाली असती."

नूतनला हसू आलं. ते लपवायला ती ब्रश पाण्यात बुडवायला गेली, आणि चुकून रंगाच्या वाटीतच बुडवला. शेजारी मुकुट रंगवणाऱ्या भाविकाने ते पाहिलं आणि घसा खाकरला. भाविकाच्या नजरेतून काही सुटायचं नाही.

तो रूबेन. रूबेन रोहेकर. रोह्यातली ज्यू माणसं आता हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी उरलीत, बाकीची केव्हाच इस्रायलला गेली. रूबेन आणि त्याची आई हन्नाबाई मात्र तिथेच राहिली. जुन्या इमारती दुरुस्त करण्याचं शिक्षण घेऊन तो मुंबईत नोकरी करत होता, आणि दसऱ्यानंतर तो वर्षभरासाठी स्पेनला जाणार होता. जुन्या भिंतींचा गिलावा कसा वाचवायचा, ते शिकायला.

"गिलावा? म्हणजे प्लास्टर?" नूतनचे वडील दिनानाथ आतून बाहेर आले. साच्यातलं प्लास्टर हा त्यांचा जिव्हाळ्याचा विषय. "मग बसा की! पाऊस काय लगेच थांबत नाय."

पाऊस थांबला. रूबेन बसलेलाच होता.

मग तो येतच राहिला. कधी साचा बघायला, कधी शाडूची माती मळायला. दिनानाथांशी बोलून झालं की हळूच नूतनच्या पाटाशी येऊन बसायचा. तिच्याकडे सगळ्यात शेवटचं आणि सगळ्यात नाजूक काम असे, डोळ्यांची आखणी. डोळे आखले की मूर्ती बघायला लागते, असं पेणमध्ये म्हणतात. आखताना श्वाससुद्धा रोखून धरावा लागतो. आणि हा बाबा नेमका तेव्हा बोलायचा!

आणि बोलायचा काय? तर आल्बारासीन. तो जाणार होता ते गाव.

"डोंगरावर आहे. आपल्या माथेरानपेक्षाही उंच. खाली नदी वळसा घालून जाते, आणि गावामागच्या टेकडीवर तटबंदी चढत गेलीय. घरं गुलाबी. तिथल्या मातीतला जिप्समच लालसर, त्यामुळे गिलावा गुलाबी होतो. गल्ल्या इतक्या अरुंद, की वरच्या मजल्यावरच्या शेजारणींनी खिडकीतून हात लांब केला तर साखरेची वाटी देता येईल."

"मग भांडायलाही बरं," नूतन म्हणाली.

"बनू रझीन नावाचं अरबी घराणं होतं तिथे. त्यांच्यावरून गावाचं नाव पडलं. नंतर दुसरे सरदार आले. दोन्ही बाजूंना मोठमोठी राज्यं, आणि मधे हे एवढंसं गाव ताठ मानेनं उभं. ज्यूंची वस्तीही होती. पाचशे वर्षांपूर्वी त्यांना जावं लागलं..." इथे तो क्षणभर थांबे. मग लगेच डोळे चमकत. "पण मी गेल्या गेल्या आधी हुलियानेताला भेटणार. फोटो बघूनच जीव जडलाय."

नूतनचा ब्रश घसरला. गणपतीची भुवई थेट कानापर्यंत गेली.

"कोण ही हुलियानेता?"

"घर आहे. जुनं, पार वाकडंतिकडं, तरी पडत नाही."

"अस्सं," नूतन म्हणाली आणि भुवई पुसायला लागली. तिचे कान मात्र त्या गावच्या गिलाव्याच्या रंगाचे झाले होते.

तो गेल्यावर भाविका कुजबुजली, "सवत हाय गो तुझी ती! अख्खं गाव सवत म्हणून मिळालेली तूच पहिली."

नूतन रागावली. पण खरंच, त्या गावाचा तिला मत्सर वाटायला लागला होता. शत्रूची माहिती असावी म्हणून तिने फोनवर पेणच्या हवामानाखाली आल्बारासीनचं हवामानही लावून ठेवलं. इथे धो धो पाऊस, तिथे कोरडं ऊन. इथे रात्रीही घाम, तिथे रात्री गारवा. थंडीत तर बर्फ पडतो म्हणे. सकाळी उठल्यावर ती आधी तिथलं बघायची आणि जेवताना बोलूनही दाखवायची. "बाबा, तिथं आज पहाटे अकरा डिग्री." दिनानाथ आमटी भुरकत "असं?" म्हणायचे, बाकी काही नाही.

श्रावण सरत आला. व्यापाऱ्यांचे टेम्पो दाराशी लागायला लागले, आणि एका सकाळी दिनानाथांनी आतून हाक मारली.

"नूतन, इकडं ये गो."

फळीवर गणपती ओळीने बसले होते. मुकुट झकास, सोंडा झकास. आणि सगळ्यांचे डोळे घारे! मधासारख्या रंगाचे, किंचित हसरे, बाहेरच्या कोपऱ्यात जरा खाली उतरलेले. पेणमधल्या कुठल्या गणपतीला असे डोळे कधी कोणी आखले नव्हते. असे डोळे असलेला एकच माणूस कारखान्यात येत असे, आणि तो काल संध्याकाळीच येऊन गेला होता.

नूतनने मुद्दाम काही केलं नव्हतं. मनात जे होतं ते हातातून उतरलं, झालं.

दिनानाथांनी आधी गणपतीला हात जोडले. "बाप्पा, पोर हाय, माफ कर." मग तिच्याकडे न बघता म्हणाले, "डोळे काळे कर. आणि त्या पोराला काय सांगायचं हाय, ते तोंडानं सांग. त्यासाठी देवाला कशाला मधे घालतेस?"

"तुम्हाला... चालंल?"

दिनानाथ टेम्पोवाल्याला हाका मारत बाहेर गेले. नूतनने दिवसभर डोळे काळे केले. तिचे स्वतःचे मात्र पुन्हा पुन्हा भरून येत होते. तो ज्यू, आपण हिंदू, वर तो सातासमुद्रापार निघालेला. सांगायचं राहिलं आणि तो गेला, तर आयुष्यभर चुटपुट लागेल. सांगितलं आणि बाबा नाही म्हणाले तर?

दसरा झाला, आणि हन्नाबाईंचं बोलावणं आलं. प्रवासाला निघण्याआधी त्यांच्यात एलियाहू हन्नाबी या प्रेषिताच्या नावाने मलिदा, म्हणजे गोड पोह्यांचा नैवेद्य करतात. बापलेक रोह्याच्या गाडीत बसले. रोह्याच्या अलीकडच्या निडी स्टेशनपर्यंत नूतनने सांगायचं वाक्य मनात दहा वेळा घोकलं, आणि रोह्याला उतरताना ते साफ विसरली.

हन्नाबाईंच्या दाराशी दिनानाथांनी अदबीने टोपी काढली.

"असू द्या हो डोक्यावर!" हन्नाबाई हसल्या. "आमच्यात देवाचं नाव घेताना डोकं झाकतात." दिनानाथांनी टोपी घाईघाईने घातली, ती उलटी.

प्रार्थना झाली. गूळखोबरं घातलेले गोड पोहे, खजूर, केळी असं सगळं वाटून झालं. पानावरचा मलिदा घेऊन नूतन मागच्या पायरीवर येऊन बसली. तिच्यामागोमाग रूबेनही आला.

"तिकडे आता थंडी सुरू झाली असेल," तो म्हणाला.

"आज पहाटे पाच," नूतन फटकन बोलून गेली. "दुपारी सतरा. पाऊस नाय. आणि तटबंदी आधी बघा, हुलियानेता नंतर. आणि... आणि मला त्या गावाचा भयंकर राग येतो!"

"गावाचा? का?"

"कारण तू तिकडं चाललायस." 'तुम्ही' कधी गळून पडलं ते तिलाही कळलं नाही. "मला तू आवडतोस, रूबेन. खूप. आता काय ते बोल, नाहीतर तुझं ते गावच सांगत बस."

रूबेन तिच्या शेजारी पायरीवर टेकला.

"मी गावच का सांगायचो, माहितीये?" तो हळूच म्हणाला. "तुझ्यासमोर बसलो की दुसरं काही सुचायचंच नाही. तेवढं एकच पाठ होतं. मुंबईहून गाडी मला थेट रोह्याला आणून सोडते, नूतन. तरी दर वेळी पेणला उतरायचो. प्लास्टर बघायला इतक्या वेळा कोण येतं गो?"

नूतन हसली, रडली, दोन्ही एकदम. त्याने तिचा हात हातात घेतला, आणि तेवढ्यात दारात पावलं वाजली. दिनानाथ! मागे हन्नाबाई. नूतनने हात ओढून घ्यायला पाहिलं, पण रूबेनने सोडला नाही. आता बाबा काय म्हणतात?

दिनानाथांनी दोघांच्या हातांकडे पाहिलं. टोपी सरळ केली. मग अगदी गंभीरपणे रूबेनला म्हणाले, "तिकडं हवा फार कोरडी हाय म्हणतात. शाडूची मूर्ती तडकंल. केली तर वर ओलं फडकं टाकून सावकाश वाळवायला लागंल."

"पण काका, मूर्ती तिथे करणार कोण?"

"आता हिला पासपोर्ट काढायला लावतो," दिनानाथ म्हणाले. "तू काय ते तुझं वर्ष पुरं कर. मग लग्न करून एकदा घेऊन जा तिला तिकडं. रोज जेवताना त्या गावची थंडी ऐकून माझी आमटी गार व्हायला लागलीय."