चार वाजून दहाचा फोटो

दार लोटून घ्या, आणि तो टीव्ही बंद करा आधी. सांगतोय ते ऐकीव नाही, पोरांनो. ओदिल माझी सख्खी शेजारीण, भिंतीला भिंत. तिच्या आईच्या शवपेटीला मी खांदा दिलाय.

दोन हजार चोवीस साल, सतरा ऑगस्ट, शनिवार. आपलं गाव जर्मनांच्या तावडीतून सुटल्याला दुसऱ्या दिवशी ऐंशी वर्षं व्हायची होती. संध्याकाळी ओदिल घरातून निघाली ती साध्याच कामाला. दोन जुने फोटो नगराध्यक्षाला दाखवायचे आणि उद्याच्या यादीत एक नाव घालून घ्यायचं. नाव तिच्या मामाचं, आंसेल्मचं.

आंसेल्म तेव्हा एकोणीस वर्षांचा. चर्चच्या मनोऱ्यातल्या घड्याळाला चावी द्यायचं काम त्याचं. घरी यायचा तो वंगणानं काळ्या झालेल्या हातांनी, धाकट्या बहिणीचा गाल ओढायचा आणि आईच्या शिव्या खायचा. पोटासाठी जर्मनांच्या स्वयंपाकघरात बटाटेही सोलायचा. गाव सुटलं त्या दिवशी तो नाहीसा झाला. 'गेला त्यांच्याच ट्रकमधून,' असं गावानं ठरवून टाकलं. लोकांच्या तोंडाला कोण हात लावणार! त्याच संध्याकाळी जर्मनांचा शेवटचा तोफगोळा मनोऱ्यावर पडला होता, पण त्या ढिगाऱ्यात त्याला कुणी शोधलंसुद्धा नाही.

ती धाकटी बहीण म्हणजे ओदिलची आई, रेमोंद. आता एक्याण्णव वर्षांची, अंथरुणाला खिळलेली, डॉक्टरांनी हात टेकलेले. तिचा जीव एकाच गोष्टीत अडकला होता. दरवर्षी स्मारकापाशी नावं वाचतात, आणि प्रत्येक नावाला आपण सगळे 'फ्रान्ससाठी मेला' अशी ओ देतो ना? त्यात भावाचं नाव एकदा कानावर पडावं, बस्स.

म्हणून ओदिल चार वर्षं फोटोंच्या मागे लागली होती. पहिल्या फोटोत जर्मनांचा शेवटचा ट्रक निघतोय, मनोऱ्यावर पाच वाजलेत. दुसऱ्यात अमेरिकन जीप, फुलं, नाचणाऱ्या बायका, आणि घड्याळात चार वाजून दहा. घड्याळ बिघडलं होतं, असंच आपण आजवर म्हणत आलो. ओदिलनं मात्र सावल्या मोजल्या. जीपची सावली ट्रकच्या सावलीपेक्षा लांब होती. म्हणजे तेव्हा जर्मन वेळेनं सहा वाजून दहा झाले होते. ट्रक गेल्यावर कुणीतरी वर चढून काटे दोन तास मागे घेतले होते. जर्मनांनी लादलेली बर्लिनची वेळ काढून आपली जुनी, उन्हाची वेळ लावली होती. आणि मनोऱ्याची किल्ली गावात एकाच माणसाकडे होती!

नगराध्यक्षानं फोटो बघितले न बघितले आणि हसला.

"ओदिलबाई, सावलीला साक्षीला उभी करणार का आता? कागद आणा, कागद."

"साहेब, आई उद्याची रात्र काढेल असं वाटत नाही हो."

"मग पुढच्या वर्षी बघू की."

मरायला टेकलेलीला पुढच्या वर्षी! ओदिल घरी आली.

"घातलं का गं नाव?" आईनं विचारलं.

"घातलं, आई."

खोटं बोलली आणि स्वयंपाकघरात जाऊन तोंडात टॉवेल कोंबून रडली. रात्री साडेअकराला नर्स मागालीला आईपाशी बसवून ती बाहेर पडली. कुठं जायचं हे तिलाही ठाऊक नव्हतं, पण पाय चर्चसमोरच्या चौकाकडेच वळले.

ते दोन फोटो काढणारा जिथं उभा होता, नेमकी तिथंच ती उभी राहिली. दिवे गेलेले. कुत्रंही नाही. तिनं यादी तोंडपाठ म्हणायला सुरुवात केली. सोळा नावं. मग सतरावं.

"आंसेल्म कारुएल!"

वाचणाऱ्यानं स्वतः ओ द्यायची नसते. ती थांबली.

कुणी नाही...

"आंसेल्म कारुएल!" आता ती ओरडत होती. "अरे, द्या ना रे कुणीतरी ओ! एकदाच..."

मग वरून आवाज आला. कर्र... कर्र... कर्र...

चावी देण्याचा.

पोरांनो, मनोरा पुन्हा बांधला तेव्हापासून तिथलं घड्याळ विजेवर चालतं. त्याला चावी नाही. द्यायला भोकसुद्धा नाही.

कर्र... कर्र...

थांबला.

नंतर पायऱ्या. एकेक. खाली येणाऱ्या...

दार उघडलं नाही. पण तिच्या अंगावरून काहीतरी गेलं. वंगणाचा वास... तो तिच्या घराच्या दिशेनं गेला.

ती धावत सुटली.

मागाली जिन्यातच बसली होती. पांढरीफटक.

"मागाली, आई?"

"उठून बसल्या..." मागाली म्हणाली. "तीन महिने कूस बदलता येत नव्हती त्यांना... आपणहून उठून बसल्या. हसल्या. म्हणाल्या, 'आधी हात धू जा, आई ओरडेल.'"

"कुणाला म्हणाली?"

मागालीनं मान वळवून वर, खोलीच्या दाराकडे पाहिलं.

"मागाली, कुणाला?"

"खोलीत मी एकटीच होते, ताई. आणि... गेल्या हो त्या."

आंसेल्मचं नाव स्मारकाच्या दगडावर अजूनही नाही. नगराध्यक्ष अंत्यदर्शनाला आला होता. पेटीत वाकून पाहिलं, टोपी काढली, आणि निघून गेला. मीही पाहिलं. मागालीनं साबणानं घासलं होतं, ओदिलनं स्पिरिटनं. निघालं नाही. तसंच पुरलं आम्ही म्हातारीला, उजव्या गालावर दोन काळ्या, तेलकट बोटांचे ठसे घेऊन.