मधली हाक

ही गोष्ट खरी आहे. मला खोटं बोलायचं असतं तर निवडणुकीत बोलले असते आणि जास्त मतांनी आले असते.

भाद्रपदातल्या अमावास्येची संध्याकाळ होती. जागा, बांगलादेशातल्या आमच्या जमुनेच्या पोटातलं गाळाचं बेट, चर तिलपाडा.

मी मोमेना. आमच्या युनियन परिषदेत, म्हणजे गावांच्या पंचायतीत, बायकांच्या राखीव जागेवरची मेंबर. पुरुष मेंबरला एक वॉर्ड असतो, मला तीन आहेत. मान मात्र त्यांच्या निम्मा. कागदावर आमच्या युनियनचे नऊ वॉर्ड. त्यातले दोन नदीनं केव्हाच गिळले. मतदार शाबूत आहेत. पूर अडवायच्या बांधावर झोपड्या घालून राहतात आणि कुणी गाव विचारलं की पाण्याकडं बोट दाखवतात.

तिलपाडाही नदीनं टाकलेल्या गाळावरचंच गाव. तिथं उत्तरेच्या टोकाला माझी धाकटी बहीण राहायची, लाइली. नवरा ढाक्याला शिलाईच्या कारखान्यात, पदरात दोन लहान मुलं. मी तिला श्रावणातच सांगितलं होतं, घराचे पत्रे उतरव आणि बांधावर ये. ती म्हणाली, ते आल्याशिवाय मी पत्र्याला हात लावणार नाही. हट्टात ती आमच्या बापावर गेली आहे.

त्या दिवशी दुपारी चेअरमनचा फोन आला. उत्तरेकडच्या घरांमागं जमिनीला भेग पडली होती.

पूर ओसरताना आमची नदी काठ आतून पोखरते. भेग दिसली म्हणजे रात्र निघेलच असं नसतं. मी मंताज चौकीदाराला घेतलं आणि इंजिनाच्या नावेनं निघाले. पोचेपर्यंत मगरिबची, दिवेलागणीची नमाज होऊन गेली होती. वारा सुटला होता. माणसं दारं लावून आत बसली होती.

आता आमच्याकडची एक रीत सांगायला हवी.

अंधार पडल्यावर आम्ही पहिल्या हाकेला ओ देत नाही. दुसरीलाही नाही. निशी, म्हणजे रात्री हिंडणारं भूत, ओळखीच्या आवाजात हाक मारते, पण दोनदाच. तिसरी हाक तिला मारता येत नाही. चुकून आधीच ओ दिली, तर माणूस तिच्यामागं चालत नदीत जातो. म्हणून तिसरी हाक ऐकल्यावरच दार उघडायचं.

एरवी मला या रीतीचं काही वाटत नाही. त्या संध्याकाळी मात्र प्रत्येक दाराशी माझा जीव खालीवर होत होता. पायाखालची जमीन जाते आहे आणि माणसं आत बसून हाका मोजताहेत.

"आपा, माझी सासू तर दिवसासुद्धा तिसऱ्या हाकेलाच ओ देते," मंताज म्हणाला. "काम सांगेन म्हणून."

मला हसू आलं नाही.

घरामागून घर उठत गेलं. माणसं पोरं, कोंबड्या, तांदळाची पोती घेऊन दक्षिणेकडच्या शाळेकडं धावू लागली. शेवटी उरलं लाइलीचं घर. मध्ये केळीचं दाट बन होतं. मी बनाच्या अलीकडूनच हाक मारली.

"लाइली..."

लगेच ओ आली.

"हो बुबू, उठलेच. पोरांना घेते. तू हो पुढं."

तिचाच आवाज. झोपेतून उठल्यावर थोडा घोगरा होतो, तसाच. माझ्या छातीवरचं ओझं उतरलं. एक म्हातारी वाटेत बसली होती, तिला पाठीवर घेऊन मी शाळेकडं वळले.

शाळेच्या मैदानात मंताज घसा चोळत बसला होता. म्हणाला, एकानंही वेळेवर ओ दिली नाही, आता आठवडाभर माझा आवाज फुटायचा नाही.

मी म्हटलं, "लाइलीनं दिली की. पहिल्याच हाकेला."

मंताजचा घशावरचा हात थांबला.

आणि मग माझ्या लक्षात आलं...

आमच्या घरात सगळ्यात भित्री तीच. लहानपणी आई अंगणातून बोलवायची, तरी ही तिसऱ्या हाकेपर्यंत गोधडीतून डोकं काढायची नाही. मी मैदानभर तिला शोधलं. ती नव्हती. मुलंही नव्हती.

मी पळत सुटले. वाटेत काठ ढासळल्याचा आवाज आला... धप्प. मग पुन्हा, आणखी जवळ. केळीच्या बनात शिरले तेव्हा जमीन हलत होती. घरात दिवा नव्हता. अंगणात कुणी नव्हतं.

दार आतून बंद होतं.

"लाइली!"

एवढीच हाक मारली आणि दार उघडलं. ती दोन्ही मुलांना कवटाळून उभी होती. काही बांधलेलं नव्हतं, काही घेतलेलं नव्हतं. मी मोठ्याला उचललं, तिनं धाकट्याला घेतलं. आम्ही बन ओलांडलं आणि मागं ते बनच गेलं. मग घराचे पत्रे पाण्यात कडाडल्याचा आवाज आला. नंतर नुसतं पाणी.

काही दिवसांनी लाइली सावरली तेव्हा मी आधी तिला झापलं. पहिल्यांदा ओ दिलीस, मग आली का नाहीस? मरायचं होतं का?

ती म्हणाली, "मी कुठं ओ दिली, बुबू? तुझी हाक ऐकली मी. आणि अंगणात कुणीतरी माझ्याच आवाजात तुला ओ दिली. पोरांच्या तोंडावर हात ठेवून बसले मी."

मी विचारलं, मग दार कसं उघडलंस?

"मोजत होते ना. पहिली तू लांबून मारलीस. दुसरी दाराला तोंड लावून, अगदी हळू. मी जागची हलले नाही. मग तिसरी आली तेव्हा उघडलं." ती माझ्याकडं बघत म्हणाली, "तिसरी माणसाचीच असते ना, बुबू?"

मी हो म्हटलं.

मी दोनच हाका मारल्या होत्या.

हे तिला अजून सांगितलेलं नाही. मधली हाक आली नसती तर तिनं माझी शेवटची हाक दुसरी धरली असती आणि दार उघडलं नसतं. पुन्हा हाक मारायला वेळ नव्हता. पण कुणीतरी तिच्या आवाजात ओ देऊन मला परत पाठवलं, तेही त्याच अंगणातून. दोन्ही एकाचंच काम होतं का? तिला न्यायचं होतं की सोडायचं होतं? मला माहीत नाही.

लाइली आता बांधावर माझ्या शेजारी राहते. अंधार पडल्यावर मी तिला हाक मारत नाही. काम असलं की आत जाते आणि तिच्या खांद्याला हात लावते.